साखरेची गोळी, रोजा आणि संकोच

रमजानचे चार-पाच रोजे झाले की घराघरातून एक तक्रार ऐकू येऊ लागते. उन्हाळी लागली आहे. लघवीला जळजळ होते, थोडी थोडी होते, सारखे जावेसे वाटते. कारण सगळ्यांना ठाऊक असते : दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही आणि बाहेर विदर्भाचे ऊन. उपायही ठरलेला असतो. इफ्तारच्या सरबतात सब्जा, रात्री भिजत घातलेले धने-जिरे, सहेरीला त्याचे पाणी. कोणी मायेपोटी त्यात खडीसाखरही टाकते. धडधाकट माणसाची उन्हाळी अशा पाण्याने दोन दिवसांत जातेही.

हीच तक्रार मधुमेह असलेल्या माणसाची असेल आणि तो एका विशिष्ट प्रकारची गोळी घेत असेल, तर मात्र सगळा दोष उन्हाला देऊन चालत नाही. त्या गोळीचे नाव बहुतेकांना माहीत नसते. गोंदियाच्या बाजारात काय किंवा आमगाव-तिरोड्याच्या मेडिकलवर काय, गिऱ्हाईक रिकामे पाकीट पुढे करते आणि 'हीच द्या, महिन्याभराची' म्हणते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव असते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. कधी ते एकटे असते, कधी मेटफॉर्मिन किंवा आणखी एखाद्या औषधासोबत एकाच गोळीत असते. नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा असेल, तर पुढचा मजकूर त्या घरासाठी आहे.

धानाचा जिल्हा म्हणून गोंदियाची ओळख. ताटात दोन्ही वेळा भात. मधुमेह हा शहरातल्या सुखवस्तू माणसाचा आजार, ही समजूत इथे कधीच मागे पडली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत २०११ मध्येच महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ६.५ टक्के आढळले होते, शहरी भागात १०.९ टक्के. त्याच पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अंदाज देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे सांगतो. गोंदियाच्या मोहल्ल्यात एखाद्या इफ्तारच्या दस्तरखानावर दहा-बारा वडीलधारी माणसे बसली, तर त्यातल्या दोघा-तिघांच्या खिशात गोळीचे पाकीट असणे आता नवलाचे नाही.

ही गोळी करते काय? आपली मूत्रपिंडे रोज साधारण १८० ग्रॅम साखर रक्तातून गाळतात आणि जवळजवळ सगळी पुन्हा रक्तात परत घेतात. ग्लिफ्लोझिन औषधे ही परतीची वाट अडवतात. मग दिवसाला सुमारे ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते. म्हणजे चहाचे पंधरा-वीस चमचे. गंमत अशी की मधुमेह या शब्दातच गोड लघवीचा उल्लेख आहे. लघवीला मुंग्या लागतात हे जुन्या वैद्यांनी आजाराचे लक्षण म्हणून नोंदवले होते. आता तेच लक्षण गोळी मुद्दाम घडवून आणते, रक्तातली साखर उतरावी म्हणून. त्यामुळे ही गोळी घेणाऱ्याच्या लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, त्याने घाबरू नये. खरी साखर रक्ताच्या तपासणीतच कळते.

औषध वाईट नाही, हे आधी सांगायला हवे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत, हृदयविकार असलेल्या सात हजारांवर मधुमेहींमध्ये हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. नंतर हृदय कमजोर झालेल्यांना आणि मूत्रपिंड खराब होत चाललेल्यांनाही या गोळ्यांचा फायदा दिसला. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० च्या ऑक्टोबरात संपले आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ च्या मार्चमध्ये. साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी अनेक कंपन्यांकडून दहा रुपयांच्या आत येऊ लागली. जे औषध नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरते होते, ते तालुक्याच्या मेडिकलवर पोहोचले. गरिबाच्या आवाक्यात चांगले औषध येणे ही आनंदाचीच गोष्ट. पण गोळीबरोबर दिली जाणारी समज मात्र तेवढ्या वेगाने आली नाही.

ती समज अशी. साखर बाहेर जाते ती ज्या वाटेने जाते, तिथे ओल असते, ऊब असते आणि आता खाद्यही असते. बुरशीला यापेक्षा काय हवे? गुप्तांगाला खाज, लाली, चिरा, बायकांना दह्यासारखे पांढरे पाणी जाणे, पुरुषांना पुढच्या त्वचेखाली पांढुरका थर आणि आग. हा या गोळ्यांचा सगळ्यात नेहमीचा दुष्परिणाम आहे. डापाग्लिफ्लोझिनच्या चाचण्यांत १० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७ टक्क्यांना असा संसर्ग झाला, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत दीड टक्क्याला. पुरुषांत प्रमाण कमी, पण तिथेही २.७ विरुद्ध ०.३ टक्के. वेळेवर दाखवले तर हा त्रास किरकोळ आहे. बुरशीवरचे मलम किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी, आणि आठवड्याभरात आराम.

दुसरा धोका लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग. साधी उन्हाळी या गोळ्यांनी फार वाढते असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही. मात्र लागलेला संसर्ग अंगावर काढला तर तो वर चढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१५ मध्ये अशा १९ रुग्णांची नोंद जाहीर केली. लघवीतला संसर्ग त्यांच्या मूत्रपिंडापर्यंत किंवा रक्तापर्यंत गेला होता. सगळ्यांना दवाखान्यात भरती करावे लागले, काहींना अतिदक्षता विभागात, काहींना डायलिसिसवर. जळजळीबरोबर थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणे, उलटी, लघवीत रक्त, ही त्या चढत्या संसर्गाची खूण.

आणि तिसरा, फार दुर्मीळ पण जिवावर बेतणारा. १८८३ मध्ये पॅरिसच्या जाँ आल्फ्रेद फूर्निए या डॉक्टरांनी वर्णन केलेला, म्हणून फूर्निए गँगरीन या नावाने ओळखला जाणारा. गुप्तांग आणि गुदद्वार यांच्यामधल्या नाजूक जागेत त्वचेखालचे मांस जंतूंमुळे सडू लागते. सुरुवात एखाद्या फोडाने किंवा सुजेने होते. वरून फार काही दिसत नाही, पण दुखणे दिसण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. अंगात कणकण, गळून गेल्यासारखे वाटणे. मग काही तासांत परिस्थिती पालटू शकते. इलाज एकच, तातडीने शस्त्रक्रिया करून मेलेला भाग काढणे आणि शिरेतून प्रतिजैविके.

२९ ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकी औषध प्रशासनाने ग्लिफ्लोझिन गोळ्यांवर या आजाराचा इशारा छापण्याचा आदेश दिला. मार्च २०१३ ते मे २०१८ या काळात त्यांच्याकडे १२ रुग्णांची नोंद झाली होती, ७ पुरुष आणि ५ स्त्रिया. बाराही जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली, एक दगावला. मधुमेहाच्या इतर औषधांबाबत तीस वर्षांहून अधिक काळात अशा फक्त सहा नोंदी होत्या आणि ते सगळे पुरुष होते. पुढच्या काही महिन्यांत ग्लिफ्लोझिनवाल्या नोंदी ५५ वर गेल्या.

ही आकडेवारी वाचून कोणी आज रात्रीच गोळी फेकून देऊ नये. कारण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. डापाग्लिफ्लोझिनची १७ हजारांवर रुग्णांची एक मोठी चाचणी झाली. त्यात फूर्निए गँगरीनचे सहा रुग्ण निघाले : गोळी घेणाऱ्या गटात एक आणि दिखाऊ गोळीच्या गटात पाच. म्हणजे मुळात मधुमेहच या आजाराला दार उघडून देतो. गोळीचा वाटा किती, यावर डॉक्टरांचे अजून एकमत नाही. रुग्णाने लक्षात ठेवायची गोष्ट दोन्ही बाजूंनी सारखीच निघते. त्या जागेचे दुखणे लपवायचे नाही.

साखर आणि संसर्ग यांचे नाते विदर्भाला नव्याने सांगायला नको. २०२१ चा रमजान एप्रिल-मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत आला होता. मशिदी बंद, तरावीह घरात. त्याच दिवसांत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण नागपूरच्या दवाखान्यांत येऊ लागले. कोणाचा डोळा गेला, कोणाचा वरचा जबडा. अनियंत्रित मधुमेह आणि त्यात साखर आणखी चढवणारी स्टेरॉइड्स, ही त्यामागची मोठी कारणे होती. ती बुरशी वेगळी, ग्लिफ्लोझिनशी तिचा संबंध नाही. पण एक साम्य आठवण्यासारखे आहे. नाकातून काळपट पाणी येते, गाल बधिर होतो, हे ज्यांनी लगेच सांगितले, त्यांच्यावर उपचार करायला डॉक्टरांना वेळ मिळाला.

नाक, डोळा दाखवायला तरी लाज वाटत नाही. इथे अडचण तीच आहे. सासू सुनेला सांगत नाही, बाप मुलाला सांगत नाही. बाई नवऱ्यालाही सांगायला कचरते, कारण 'हे कुठून आले' असा भलताच अर्थ निघण्याची भीती. बुरशीचा हा त्रास चारित्र्याचा नसून लघवीतल्या साखरेचा आहे, हे घरात कोणी मोकळेपणाने बोललेले नसते. मग शेजारणीकडून किंवा मेडिकलवरून खाजेचे मलम येते. यातल्या बऱ्याच मलमांत तीन-चार औषधे एकत्र असतात आणि त्यात स्टेरॉइडही असते. लावले की दोन दिवस खाज थांबते आणि आत बुरशी पसरत राहते.

बायकांना एक वेगळा प्रश्न छळत असतो. पांढरे पाणी जात असताना वुजू राहतो का, नमाज होते का? हा प्रश्न त्या आलिमाला किंवा मौलानांच्या घरच्यांना हळूच विचारतात. उत्तरही मिळते : त्रास सतत असेल तर शरीयत अशा व्यक्तीला माजूर मानते आणि प्रत्येक नमाजेच्या वेळेला नव्याने वुजू करून तिने नमाज पढावी. प्रश्न सुटतो. आजार तिथेच राहतो. पाकीची चिंता करणारी बाई तब्येतीची चिंता करत नाही, कारण पाकीबद्दल विचारणे दीनचे काम वाटते आणि खाजेबद्दल विचारणे बेशरमपणा.

खरे तर हया हा इमानचाच भाग मानला गेला आहे. पण त्याच परंपरेत मदिनेच्या उम्मे सुलैम यांचाही प्रसंग आहे. त्यांनी भर बैठकीत पैगंबर साहेबांना स्त्रीच्या पाकीबद्दलचा अतिशय खासगी प्रश्न विचारला होता आणि विचारण्याआधी, अल्लाह सत्य सांगायला संकोचत नाही, अशी प्रस्तावना केली होती. प्रश्नाचे उत्तर त्यांना तिथेच मिळाले. हजरत आयेशा मदिनेच्या अन्सारी स्त्रियांचे कौतुक करत, ते त्यांची लाज दीन समजून घेण्याच्या आड आली नाही म्हणून. हा प्रसंग दर्समध्ये सांगितला जातो तेव्हा तो गुस्लच्या मसल्यापुरता सांगितला जातो. दवाखान्याच्या दारात तो आठवत नाही.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केटीएस रुग्णालय आणि बायांसाठी बाई गंगाबाई रुग्णालय त्याच्याशी जोडलेले आहे. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी-मोरगावच्या बाईला तिथवर येणे म्हणजे अख्खा दिवस, रोज्यात तर जास्तच जड. म्हणून पहिला शब्द गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे किंवा आशाताईंकडे टाकला तरी चालतो. बाईशी बोलायला संकोच कमी वाटतो. सोबत गोळीचे पाकीट न्यावे. नुसती 'खाज आहे' ही तक्रार आणि 'ही गोळी सुरू झाल्यापासून खाज आहे' ही तक्रार, यांत डॉक्टरांसाठी मोठा फरक असतो.

आता रोज्याचे. गोंदियात फेब्रुवारी-मार्चचा रोजा साधारण तेरा तासांचा होतो. ग्लिफ्लोझिन गोळीने लघवी जास्त होते, म्हणजे पाणी जास्त जाते. भरून काढायला दिवसा वाव नाही. पाणी कमी पडले की लघवी थोडी आणि घट्ट होते, मूत्राशय धुतले जात नाही. वयस्कर माणूस उठताना चक्कर येऊन पडू शकतो. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी लघवीची गोळी चालू असेल तर धोका दुहेरी. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी केलेल्या मार्गदर्शनात म्हणूनच सांगितले आहे की ही गोळी इफ्तारच्या वेळी घ्यावी, रात्री पाणी वाढवावे, आणि ती रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करू नये. सुरू करायचीच असेल तर किमान दोन ते चार आठवडे आधी, म्हणजे अंगाला सवय होते.

गंमत म्हणजे रोज्यासाठी या गोळीचा एक फायदाही आहे. जुन्या सल्फोनिलयुरिया गोळ्या उपाशी पोटी साखर एकदम खाली नेऊ शकतात. मलेशियात रमजानमध्ये झालेल्या एका लहान अभ्यासात सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यांपैकी जवळपास २९ टक्के लोकांची साखर धोक्याइतकी उतरली, डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के लोकांची. त्यामुळे काही डॉक्टर रोजेदारासाठी हीच गोळी पसंत करतात. तेव्हा रमजान लागला म्हणून मनाने गोळी बदलणे, अर्धी करणे, दोन्ही वेळची एकदम घेणे, हे सगळेच वर्ज्य.

पाणी प्यायचे तेही एकदम नाही. सहेरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घटाघटा चार ग्लास ढोसणारे पुष्कळ आहेत. ते फजरच्या नमाजेनंतर लघवीत निघून जाते. इफ्तारपासून तरावीहपर्यंत, मग झोपेपर्यंत आणि सहेरीला, थोडे थोडे करून दोनेक लिटर जायला हवे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किती प्यावे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. धने-जिऱ्याचे पाणी खुशाल प्यावे. खडीसाखर मात्र नको.

लघवी रोखून धरू नये. तरावीहला उभे राहायचे म्हणून, बिड्यांचा कट्टा पुरा करायचा म्हणून, प्रवासात बाईला जागा नाही म्हणून ती रोखली जाते, आणि जंतूंना तेवढा वेळ मिळतो. इस्तिंजाची, म्हणजे पाण्याने स्वच्छता करण्याची सवय मुस्लिम घरात लहानपणापासून असते. ती इथे उपयोगी आहे. फक्त धुतल्यावर जागा कोरडी करायची राहून जाते. ओलसर सलवार किंवा दिवसभर घामाने भिजलेला नायलॉनचा कपडा बुरशीला पोसतो. सुती कपडा, रोज बदललेला, बरा.

ताप आला, उलट्या झाल्या, जेवणच जात नाही, अशा दिवशी ही गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचे असते. कारण उपास, पाण्याची कमतरता आणि संसर्ग एकत्र आले की रक्तात आम्ल साचू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप, गुंगी, आणि विशेष म्हणजे तपासलेली साखर तेव्हा फार वाढलेली दिसत नाही. त्यामुळे 'शुगर तर ठीक आहे' म्हणून घरचे गाफील राहतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर बहुतेक ग्लिफ्लोझिन गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, हेही शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना आपणहून सांगावे.

बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, यावर बहुतेक उलेमांचे एकमत आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली, तर त्याच क्षणी रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. ताप आणि थंडी वाजणे, पाठीतली कळ, गुप्तांगाजवळची दुखरी सूज, यांपैकी काही असेल तर मगरीबची वाट पाहायची नाही. अस्रची अजान नुकतीच झालेली असते, 'आता दोन तासच तर राहिले' असे म्हणून माणूस पडून राहतो. फूर्निएच्या आजारात ते दोन तास फार मोठे असतात.

आजाऱ्याने रोजा पुढे ढकलावा ही सवलत कोणा डॉक्टरने दिलेली नाही, ती सूरह बकरामध्येच आहे. सुटलेल्या एका रोज्याचा एकच कजा रोजा, बरे वाटल्यावर. जो पुन्हा कधीच रोजा ठेवू शकणार नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालण्याचा फिदिया द्यावा. घरातल्या बायका दरवर्षी आपले सुटलेले रोजे हिशेबाने पुरे करतात, त्यात त्यांना कधी कमीपणा वाटत नाही. कजा रोजे हिवाळ्यात ठेवण्याची अनेकींची पद्धत आहे. धान घरात आलेले असते, तहान फारशी लागत नाही, आणि डिसेंबरात गोंदियाचा सूर्य साडेपाचच्या आतबाहेर मावळतो.